पुठ्ठ्याची खिडकी

क्रांतीबाईंच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं. वडिलांनी लाल झेंड्याच्या मोर्चांत हयात घालवली, म्हणून पोरीचं नाव क्रांती. पोरीनं जी काही क्रांती केली ती उचगावात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीत. सव्वीस वर्षं झाली होती. वजनकाटा रोज शून्यावर आणल्याशिवाय त्या पोराला काट्यावर चढू देत नसत. खिचडीत मीठ किती पडलं हे मदतनीस बाळाबाईला विचारून त्यांचं भागत नसे. स्वतः चाखून बघत. गावातल्या बायका मागं म्हणायच्या, ‘लई कडक हाय बया.’ आणि पोरं मात्र तिच्याकडंच पाठवायच्या.

डोळे तपासायचा दिवस म्हणजे तर सणच. चित्रांचा तक्ता वरून आलेला होता. घर, छत्री, मासा, फूल, पतंग, कप. वरची ओळ मोठी, मग प्रत्येक ओळीत चित्रं बारीक होत जाणारी. तक्त्यापासून तीन मीटर अंतर बाईंनी शिंप्याकडची टेप आणून मोजलं होतं आणि फरशीवर लाल रंगाचा पट्टा मारला होता. दिवाळीला फरशी घासताना तो पुसट झाला की पुन्हा मोजून नवा पट्टा. पोराला पट्ट्यावरच्या खुर्चीत बसवायचं, मागं बाई उभ्या. एक डोळा आपल्या तळहातानं असा झाकायच्या की बोटांच्या फटीतून डोकावायची सोय नाही. तक्त्यापाशी बाळाबाई. सगळी ओळ झाली की बाई मोठ्यानं म्हणायच्या, "पास!" आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. गुळासाठी पोरं रांगेत भांडायची.

फक्त एका गोष्टीनं बाईंना वैताग आणला होता. तीन-चार वर्षांचं पोर ओळ वाचायला बसलं की घोटाळा व्हायचा. बाळाबाई छडी माशावर ठेवायची आणि पोर शेजारच्या छत्रीचं नाव घ्यायचं. एक तर सगळी ओळ सोडून वरच्या घराकडंच बघत बसायचं. बाईंनी दोन वर्षं सोसलं. मग एका दुपारी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला आणि ब्लेडनं मधोमध चौकोनी खिडकी कापली. बाळाबाई ती खिडकी एका चित्रावर धरायची, बाकीची चित्रं झाकली जायची. पोराला एकच चित्र दिसायचं. घोटाळा संपला. दोन तासांचं काम पाऊण तासात व्हायला लागलं. पर्यवेक्षिकाबाईंनी बैठकीत ती खिडकी हातात धरून सगळ्या सेविकांना दाखवली आणि क्रांतीबाईंना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

तक्त्याबरोबर सूचनांचा एक कागद आला होता. त्यात सातव्या नंबरला लिहिलं होतं: चित्रे एकेक सुटी दाखवू नयेत, पूर्ण ओळ दाखवावी. बाईंनी ती ओळ वाचली नव्हती असं नाही. वाचली होती आणि हसल्या होत्या. का दाखवू नये, ते कागदात कुठंच नव्हतं. हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात तीन वर्षांचं पोर खुर्चीत बसवून बघितलेलं नाही, एवढंच त्यांनी त्यातून काढलं आणि कागद फायलीत लावून टाकला.

संयोगिता याच अंगणवाडीतली. संयू म्हणायचे सगळे. तिचा बाप कृष्णात फाउंड्रीत कामाला, आई वृषाली घरी दोन म्हशी बघायची. कृष्णातला स्वतःला पोलीस व्हायचं होतं, छातीत एक इंच कमी पडला. म्हणून पोरगी चालायला लागली तशी त्यानं ठरवून टाकलं, ही पोलीस होणार. सहा वर्षांची असल्यापासून संयू पहाटे बापाबरोबर पळायची. चौथ्या वर्षी आणि पाचव्या वर्षी बाईंनी तिचे डोळे तपासले. दोन्ही वेळा दोन्ही डोळ्यांनी सगळी चित्रं बरोबर. दोन्ही वेळा पास. दोन्ही वेळा गूळ.

साडेसात वर्षांची असताना तिचे डोळे आले. आधी उजवा, आणि तो असा सुजला की उघडेना. दुसऱ्या दिवशी वृषाली तिला घेऊन बाईंच्या दारात.

"बाई, ही काय बोलतीया बघा की. म्हणतीया डाव्या डोळ्यानं पुस्तक वाचता येत न्हाय. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत्यात म्हणं."

"चढत्यात व्हय?" बाई संयूला म्हणाल्या. "अभ्यास टाळायला बरं सुचतंय गं तुला."

तरी कामाच्या बाबतीत बाई हयगय करणाऱ्या नव्हत्या. अंगणवाडी उघडली, बाळाबाईला हाक मारून बोलावून घेतलं, संयूला लाल पट्ट्यावर बसवलं. उजवा डोळा सुजून बंदच होता, तरी वरून स्वच्छ रुमाल धरला. बाळाबाईनं खिडकी फिरवली. मासा. कप. पतंग. छत्री. शेवटच्या ओळीतलं घरसुद्धा संयूनं बरोबर सांगितलं.

"काय न्हाय वृषाली," बाई म्हणाल्या. "डोळे आल्यात म्हणून चिपडं येत असतील. आठ दिवसांत बरं हुईल. पास!"

वृषालीचा जीव भांड्यात पडला. डोळे आठ दिवसांत बरे झालेही. संयू पुन्हा दोन्ही डोळ्यांनी बघायला लागली आणि अक्षरांचं अंगावर चढणं घरादाराच्या विस्मरणात गेलं.

पुढं दीड वर्षानं शाळेत तपासणीचं पथक आलं. संयू तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. त्या लोकांनी उजवा डोळा झाकून ओळ वाचायला सांगितली आणि संयू तिसऱ्या ओळीत अडकली ती अडकलीच. चिठ्ठी घरी आली. कृष्णातची दिवसपाळी होती, म्हणून वृषाली म्हणाली, "बाई, तुम्ही चला की माझ्यासंगट. तुमाला समजतंय ह्यातलं."

कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. औषध घालून, बाहुली मोठी करून, आत दिवा मारून. मग संयूला पडद्यासमोर बसवून उजवा डोळा झाकला. पडद्यावर ओळ आली. संयू अडखळली, चुकली, गप्प झाली. डॉक्टरांनी काहीतरी दाबलं. पडद्यावर तेवढंच बारीक, पण एकच अक्षर आलं. संयूनं पटकन वाचलं. दुसरं आलं, तेही वाचलं. मग पुन्हा ओळ, पुन्हा गप्प.

"डाव्या डोळ्यात फार बारीक तिरळेपणा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घरच्यांना दिसणारच नाही एवढा. त्यामुळं मेंदूनं लहानपणापासून हा डोळा वापरायचा सोडलाय. आळशी डोळा म्हणतो आम्ही. याची एक खोड असते. एकटं अक्षर दाखवलं तर ओळखतो. शेजारी दुसरी अक्षरं आली की सगळी एकमेकांत मिसळतात. म्हणून तर तक्त्यावर ओळ असते. ओळ हीच खरी परीक्षा."

क्रांतीबाई इतका वेळ भिंतीशी उभ्या होत्या. त्या स्टूल ओढून खाली बसल्या.

"याआधी कधी तपासलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तपासलंय की!" वृषाली अभिमानानं म्हणाली. "ह्या आमच्या अंगणवाडीच्या बाई. ह्यांनी दोनदा तपासलंय. दीड वर्षामागं डोळे आल्यावर तिसऱ्यांदा. लई कडक तपासत्यात. तवा काय बी न्हवतं."

डॉक्टरांनी बाईंकडं बघितलं. "ओळ दाखवली होती ना?"

सव्वीस वर्षांत बाईंनी वजनाच्या तक्त्यात शंभर ग्रॅम इकडचे तिकडं केले नव्हते. वरून दट्ट्या आला तरी कमी वजनाचं पोर त्यांनी कमीच लिहिलं होतं. पण त्या क्षणी वृषालीचा चेहरा इतका विश्वासानं त्यांच्याकडं वळलेला होता, की तोंडातून शब्द निघून गेला.

"व्हय. ओळ दाखवली हुती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी. उजवा झाकला की डाव्याला काम करावंच लागेल. चार-पाच वर्षांची असती तर जवळजवळ खात्री देता आली असती, सातव्या-आठव्या वर्षीसुद्धा बरीच आशा असते. आता नऊ म्हणजे उशीर झालाय, पण सहा महिने जीव तोडून करू. पोलीसभरतीचं वृषालीनं भीतभीत विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "आधी डोळ्याचं बघू."

त्या दिवसापासून बाईंनी मनाशी एक सौदा केला. डोळा परत येऊ दे, मग वृषालीला सगळं सांगते. डोळा आल्यावर सांगितलं तर ती दोन शिव्या घालेल आणि विसरेल. तोवर नको. माणूस स्वतःला फसवायला लागला की किती शहाण्यासारखा विचार करतो, याचं बाईंनाच नवल वाटायचं.

दुपारपासून पट्टी लावलेली संयू शाळा सुटली की तशीच बाईंच्या घरी यायची. वृषालीला धारांची घाई, आणि बाईंनी आपणहून सांगितलं होतं, "माझ्याकडं सोड, मी बसवतो तिला." बाई तिला तांदळातले खडे वेचायला लावायच्या, सुईत दोरा ओवायला लावायच्या, पाढ्यांच्या पुस्तकातली ओळ बोटानं वाचायला लावायच्या. पट्टीखालची कातडी लाल होऊन सोलायची. गल्लीतली पोरं ‘एकडोळी’ म्हणायची. एकदा संयू दाराच्या चौकटीवर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं, तरी पट्टीला हात लावला नाही. बाईंनी हळद लावली, तर म्हणते कशी, "बाई, आज मी सा तास पुरं केलं न्हवं?" बाईंना आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडावं लागलं.

अंगणवाडीतली खिडकी त्यांनी केव्हाच घरी आणून कपाटावर फेकली होती. जाळून टाकायला हात धजावला नव्हता. बैठकीत उभं राहून त्यांनी सेविकांना सांगितलं, ओळ दाखवा, खिडकी वापरू नका. का, ते सांगितलं नाही. आपल्या पोरांना त्यांनी पुन्हा एकदा तपासलं, सगळी ओळ उघडी ठेवून. पिराजी म्हाताऱ्याचा चार वर्षांचा नातू अडकला. बाईंनी त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात पाठवलं. चष्मा लागला, पट्टी लागली, आणि तीन महिन्यांत पोराचा डोळा सुधारला. पिराजी म्हातारा घरचा भोपळा घेऊन बाईंच्या दारात आला. "बाई, तुमच्यामुळं पोराचा डोळा वाचला," म्हणाला आणि पाया पडायला वाकला. बाईंनी त्याचे हात धरले. तो भोपळा त्यांनी चिरला नाही. कोपऱ्यात पडून पडून तो नासला.

संयूचा डोळा पहिल्या दोन महिन्यांत एक ओळ पुढं सरकला. त्या दिवशी बाईंनी अंबाबाईला जाऊन ओटी भरली. नंतर सरकला नाही. चौथा महिना, पाचवा महिना, तिथंच.

सहाव्या महिन्यात पुन्हा कोल्हापूर. आदल्या रात्री संयू झोपली नव्हती. परीक्षा असल्यासारखी पाढे म्हणत बसली होती, असं वृषाली बसमध्ये सांगत होती. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर फिरवून फिरवून बघितला. ओळ लावली. संयूनं मान पुढं काढली, चष्म्याआडचा डोळा बारीक केला, ओठ चावला. चौथ्या ओळीत आली आणि थांबली.

"सावकाश," डॉक्टर म्हणाल्या.

संयूनं पुन्हा प्रयत्न केला. दोन अक्षरं सांगितली, दोन्ही चूक. डॉक्टरांनी पडदा बंद केला आणि खुर्ची वृषालीकडं वळवली.

"आता पट्टी थांबवू या."

"म्हंजे बरा झाला?" वृषाली म्हणाली.

"नाही. म्हणजे यापेक्षा सुधारेल असं मला वाटत नाही. चार महिने झाले, तिथंच आहे. उगाच पोरीचे हाल नकोत. उजवा डोळा उत्तम आहे, तो जपा. चष्मा कायम लावायचा."

"आणि पोलीसभरती?"

डॉक्टरांनी मान हलवली, नाही म्हणून.

वृषाली खुर्चीत मागं टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. खोलीत कुणीच बोलेना तेव्हा संयूला वाटलं, सगळे आपल्यावरच रागावलेत. ती रडवेली झाली आणि म्हणाली, "मला येतंय की! बाईंच्या खिडकीतनं दाखवा, मग बघा. बाईंच्या खिडकीतनं मला सगळं दिसतंय!"

"कसली खिडकी?" डॉक्टरांनी विचारलं.

संयूनं दप्तर उघडलं. पुस्तकांच्या मधून लग्नपत्रिकेचा तो जुना पुठ्ठा काढला. कडा मळून काळ्या झालेल्या, मधोमध चौकोन. "काल कपाटावरनं घेतली मी. बाई, रागावू नका. बाळाबाई एका चित्रावर ही धरती, बाकीची दिसत न्हाईत. मग सोपं जातंय. मी तीन डाव पास झालोया."

डॉक्टरांनी पुठ्ठा हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. मग बाईंकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळं बाईंना ती जास्तच सोसेना.

"तुम्ही म्हणाला होता, ओळ दाखवली."

"खोटं बोललो मी," क्रांतीबाई म्हणाल्या. "ओळ कवाच दाखवली न्हाय. एकेक चित्र दाखवत हुतो. ह्याच्यातनं."

वृषालीला समजायला थोडा वेळ लागला. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं मनात पुन्हा जुळवून बघितलं असावं. ते जुळलं तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"बाई, डोळे आलतं तवा मी तुमच्याकडंच आलतो न्हवं?"

"व्हय."

"ही म्हणत हुती, अक्षरं अंगावर चढत्यात."

"व्हय."

"तुम्ही म्हणालासा, अभ्यास टाळतीया."

बाईंनी मान खाली घातली. वृषाली ओरडली असती, तोंडात मारली असती, तर बाईंनी ती मुकाट्यानं घेतली असती. वृषालीनं काहीच केलं नाही. तिनं पोरीचं दप्तर उचललं, पोरीचा हात धरला आणि बाहेर पडली. पुठ्ठा डॉक्टरांच्या टेबलावरून संयूनं परत घेतला.

घरी जायला बस एकच होती. के.एम.टी.त तिघींना एकाच बाकावर जागा मिळाली. खिडकीपाशी संयू, मध्ये वृषाली, कडेला बाई. वृषाली अंग चोरून बसली होती, बाईंचा पदरसुद्धा आपल्याला लागू नये अशी. कृष्णात आज पाळीवरून आला की पहिला प्रश्न काय विचारणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. पहाटे तो पोरीला पळायला उठवेल की नाही, हेही दोघींच्या मनात होतं, आणि बोलायची सोय राहिली नव्हती.

"किती पोरं तपासली असतील बाई तुम्ही?" वृषालीनं समोर बघतच विचारलं. "त्या पुठ्ठ्यानं?"

"चौदा वर्षं," बाई म्हणाल्या. "सगळीच."

वृषालीनं डोळे मिटून घेतले.

तावडे हॉटेलच्या चौकात बस थांबली. संयूला या दोघींचं काय बिनसलंय हे नीटसं कळलं नव्हतं. आपण आज नापास झालो, म्हणून आई गप्प आहे, एवढंच तिला कळलं होतं. तिनं चष्मा सारखा केला, तळहातानं उजवा डोळा झाकला, बाई झाकायच्या तसा, बोटांत फट न ठेवता. दुसऱ्या हातानं पुठ्ठा डाव्या डोळ्यासमोर धरला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर एकेका अक्षरावर सरकवू लागली.

"सा," ती म्हणाली. "य. क. ल. सायकल! बघा बाई, दिसतंय की मला! मी पास न्हवं?"

बाईंनी पाटीकडं बघितलं.

"बाई, पास न्हवं?"

"सांगा की," वृषाली म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "पोरगी विचारतीया."

क्रांतीबाईंनी तोंड उघडलं. तो एक शब्द चौदा वर्षं त्यांच्या जिभेवर तयार असायचा. आजही होता. म्हटला असता तर पोर हसलं असतं.

"न्हाय, बाळ," त्या म्हणाल्या. "त्या खिडकीतनं कुणीबी पास हुतंय."

संयूनं पुठ्ठा खाली घेतला. मांडीवर ठेवून त्या चौकोनात बोट घातलं आणि कडेकडेनं फिरवत राहिली. बस हलली. मग तिनं आईच्या अंगावरून वाकून बाईंकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी.

"मग मला गूळ कशापायी दिलासा, बाई?"

कंडक्टर पुढच्या स्टॉपचं नाव ओरडला. तिघींनाही तिथंच उतरायचं होतं, पण बराच वेळ कुणी उठलं नाही.